आइसलँडचे बलवान: रक्त, दगड आणि एक व्यायामशाळा

प्रश्न दोन भागांत आला आहे. पहिला असा: जेमतेम चार लाख वस्तीच्या आइसलँडनं जगातला सर्वांत बलवान माणूस ठरवणारी 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' ही स्पर्धा नऊ वेळा कशी जिंकली, हा वायकिंग रक्ताचा गुण आहे का? आणि दुसरा असा: माझा सतरा वर्षांचा मुलगा त्या आइसलँडच्या बलवान हाफथोर ब्योर्नसनचे व्हिडिओ बघून पेटलाय, त्याला या खेळात घालावं का?

मी पॉवरलिफ्टिंगचा कोच आहे. अंग कमावलं ते तालमीत, आता पोरं घडवतो. आइसलँडला जाऊन त्यांचे दगडही उचलून आलोय. त्यामुळं दोन्ही प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो.

रक्ताचा मुद्दा आधी निकालात काढू. वायकिंग रक्तानंच बलवान निपजत असते तर नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन यांनी आइसलँडला कधीच मागं टाकलं असतं, कारण त्यांची वस्ती कितीतरी जास्त. प्रत्यक्षात नॉर्वेकडं हा किताब एकदाच आला, २००१ साली, स्वेन कार्लसनमुळं. स्वीडनकडंही एकदाच, १९९८ साली मॅग्नुस सॅम्युएल्सननं आणला. डेन्मार्ककडं एकदाही नाही. दुसरं असं, की आजच्या आइसलँडच्या लोकांच्या आईकडच्या वंशाचा माग जनुकशास्त्रज्ञांनी काढला, तेव्हा त्यातला निम्म्याहून जास्त भाग आयर्लंड-स्कॉटलंडकडं जातो असं दिसलं. म्हणजे शुद्ध वायकिंग वगैरे जे म्हणतात ते टीव्हीवर शोभतं, त्यानं काही सिद्ध होत नाही. माझं मत असं, की त्या देशात ताकद मोजायची जागा ठरलेली होती, वजन ठरलेलं होतं, आणि तिथं जाऊन हात घालायला कुणालाही मनाई नव्हती. बाकी सगळं त्यातून आलं.

आइसलँडच्या पश्चिमेला स्नायफेल्सनेस नावाचं द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाला द्यूपालोन्सांदुर हा काळ्या गोट्यांचा किनारा आणि तिथून टेकडी ओलांडली की द्रित्विकची खाडी. आज तिथं माणूस राहत नाही. पण काही शतकं हा मासेमारीचा मोठा हंगामी तळ होता. वसंत ऋतूत लांबलांबून माणसं यायची, दगडी खोपट्यांत राहायची आणि उघड्या वल्ह्याच्या होड्या घेऊन उत्तर अटलांटिकमध्ये शिरायची. अशा होडीत एक जण कच्चा निघाला तर बाकीच्यांच्या जिवाशी खेळ. म्हणून तांडेल नव्या माणसाला आधी दगडापाशी न्यायचा. तिथं चार दगड आहेत. सगळ्यात मोठा 'फुल्स्तेर्कुर', १५४ किलो. त्याच्या खालचा 'हाल्फस्तेर्कुर', १०० किलो. मग 'हाल्फद्रायत्तिंगुर', ५४ किलो. आणि शेवटचा 'आम्लोदी', २३ किलो. दगड कमरेएवढ्या उंचीच्या कपारीवर चढवायचा. निदान ५४ किलोचा चढला पाहिजे, नाहीतर होडीत जागा नाही. आम्लोदीवरच अडलेल्याला काय म्हणायचे ते त्या दगडाच्या नावातच आहे: ऐदी, कुचकामी.

हे सगळं पोटाशी बांधलेलं होतं. छंद म्हणून किंवा जत्रेतली गंमत म्हणून कुणी दगड उचलत नव्हतं. जागा मिळाली तर मासळीत वाटा, नाहीतर हंगाम वाया. घरच्या पोराला बापानं दगडाचं वजन लहानपणापासून सांगितलेलं असायचं. पुढच्या वर्षी कुठला दगड, याचा हिशेब घरोघरी चाललेला असायचा.

मी हे दगड हाताळले आहेत. लाटांनी घासून गुळगुळीत झालेले, अंडाकृती, बोटं अडकवायला कुठंही खाच नाही. आपल्या पोरांना बारबेलची सवय असते. बारबेल हातात मावते, वजन दोन्हीकडं सारखं, जमिनीपासून उंचीही ठरलेली. हा दगड जमिनीलाच चिकटलेला. ढोपरं फाकवून वर उभं राहायचं, तळहात दगडाच्या खाली सारायचे, पाठ गोल होणारच हे मान्य करायचं आणि दगड आधी मांडीवर घ्यायचा. मांडीवर एक श्वास. मग छातीशी कवटाळून कंबर पुढं मारायची, की तो कपारीच्या काठावर टेकतो. शंभर किलोचा दगड तसा चढवल्यावर माझ्या हातांच्या आतल्या बाजूची कातडी सोलवटली होती. मी जिममध्ये शंभर किलो गरम होण्यासाठी उचलतो. दगडाचे शंभर किलो वेगळे.

दुसरी जागा हुसाफेल. हे गाव आत, जमिनीकडं, बोर्गारफ्योर्दुरच्या वरच्या अंगाला. अठराव्या शतकात तिथं स्नोरी ब्योर्नसन नावाचे पाद्री होते. १७१० साली जन्मले, १८०३ साली वारले, म्हणजे नव्वदी पार केलेला माणूस. कवी होते आणि अंगानं तगडे. त्यांनी मेंढवाडा बांधला, दगड रचून. त्या वाड्याच्या तोंडाशी एक मोठी सपाट शिळा होती, वजन १८६ किलो, वरून रुंद आणि खाली निमुळती, साधारण ढालीसारखी. लोककथा सांगते की स्नोरींची मुलगी गुदनी हिनं ती शिळा उचलून वाड्याभोवती फिरवली. कथा खरी की रंगवलेली ते बाजूला ठेवा. पण शिळा खरी आहे, वाडाही खरा आहे आणि दोन्ही आजही तिथंच आहेत. शिळा छातीशी घेऊन वाड्याला पुरी फेरी मारली तर तुम्ही 'पूर्ण बळाचे'. नुसती उचलली तर त्याच्या खालची पायरी.

'स्ट्राँगमन' स्पर्धेत 'हुसाफेल स्टोन' नावाचा प्रकार तुमच्या मुलानं पाहिला असेल. लोखंडी ढाल, आत वजन भरलेलं, ती पोटाशी धरून खेळाडू चालत सुटतो आणि जिथं पडेल तिथपर्यंतचं अंतर मोजतात. ती त्या पाद्र्याच्या मेंढवाड्याच्या शिळेची नक्कल आहे. या प्रकारात माणूस ताकद संपल्यामुळं पडत नाही, श्वास संपल्यामुळं पडतो. शिळा छातीवर असते, फासळ्या फुगू शकत नाहीत, म्हणून वरच्यावर तोकडे श्वास घेत चालावं लागतं. अंग मागं झुकलेलं, पावलं छोटी. हाताची कडी खालच्या टोकाखाली. ती कडी अर्धा इंच सुटली की शिळा मांड्यांवर घसरते आणि मग ती परत वर घेता येत नाही. पहिल्या वीस पावलांत जो घाई करतो तो चाळिसाव्याला बसतो.

जुन्या काळाबद्दल आणखी दोन गोष्टी सांगून पुढं जातो. आइसलँडभर असे प्रचंड धोंडे आहेत जे ग्रेत्तिर या कथानायकानं उचलून ठेवले असं लोक मानतात, आणि जवळपास प्रत्येक भागात एखादा तरी सापडतो. आणि दुसरी कथा ओर्म स्तोरोल्फसनची: नॉर्वेच्या राजाच्या 'लांब सर्प' या जहाजाची डोलकाठी पन्नास जणांनी त्याच्या खांद्यावर ठेवली, तो तीन पावलं चालला आणि पाठ मोडली. ही कथा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

विसाव्या शतकात येताना मध्ये 'ग्लीमा' आहे, त्यांची कुस्ती. कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधून, उभ्यानं लढायची. १९०६ पासून राष्ट्रीय पट्ट्यासाठी लढती होत आल्या, आणि त्या पट्ट्यालाही नाव ग्रेत्तिरचंच. त्यातला योहानेस योसेफसन १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला, पुढं अमेरिकेत सर्कशींतून कसरती करून पैसा कमावला आणि परत येऊन राजधानी रेक्याविकमध्ये हॉटेल बोर्ग बांधलं. ताकदीच्या जोरावर जग बघून आलेला हा त्या देशाचा पहिला मोठा माणूस.

खरा बदल १९७० च्या दशकात झाला. तिथले क्रीडा पत्रकार दरवर्षी देशाचा सर्वोत्तम खेळाडू निवडतात, १९५६ पासून. आता ही यादी बघा. १९७६, १९७७ आणि १९७९ ला निवड झाली गोळाफेकपटू ह्रेइन हाल्दोर्सनची. १९७८ आणि १९८० ला पॉवरलिफ्टर स्कुली ओस्कार्सनची. १९८१ ला योन पाउल सिग्मार्सनची. सलग सहा वर्षं देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू म्हणजे वजन फेकणारा किंवा वजन उचलणारा. फुटबॉल होता, हँडबॉल तर त्यांचा जीव की प्राण, तरीही. एखाद्या देशात पोरं कुठल्या खेळाकडं वळणार हे असल्या याद्यांवरून कळतं. तुम्ही सलग सहा वर्षं एखाद्या मल्लखांबपटूला देशाचा पहिला खेळाडू म्हणून पेपरात छापा, सातव्या वर्षी मल्लखांबाच्या मैदानाबाहेर रांग लागेल.

ही मंडळी रेक्याविकमध्ये 'याकाबोल' नावाच्या व्यायामशाळेत जमायची. साधी जागा, साधं सामान. पण देशातले झाडून सगळे तगडे एका छताखाली. कोच म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. मोठ्या देशात दहा चांगले लिफ्टर दहा शहरांत असतात आणि प्रत्येक जण आपापल्या गल्लीत पहिला असतो. तिथं गल्ली एकच होती. तुम्ही तीनशे किलो ओढलं तर शेजारचा सव्वातीनशे ओढून दाखवणार, आणि तो उद्याही येणार, परवाही येणार. माझ्याकडं पोरांची वाढ जेव्हा थांबते तेव्हा नव्वद टक्के वेळा कारण हेच निघतं, की त्यांच्यापेक्षा वरचढ असं त्या खोलीत कुणी उरलेलं नसतं.

आता योन पाउल. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या खेळाचा आजचा चेहरा त्यानं घडवला.

जन्म २८ एप्रिल १९६०, हाफनारफ्योर्दुर. लहानपणाचा काही काळ ब्रेइदाफ्योर्दुर खाडीतल्या बेटांवर गेला, सावत्र वडील ग्लीमा खेळणारे. उंची सहा फुटांच्या वर, वजन सव्वाशे किलोच्या आसपास, केस सोनेरी, आणि या वजनात अशी चपळाई की बघणाऱ्यानं डोळे चोळावेत. पॉवरलिफ्टिंग करता करता त्यानं १९८४ ला देशाची बॉडीबिल्डिंग स्पर्धाही मारली. एकाच माणसानं दोन्ही करावं हे तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे.

'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' ही स्पर्धा १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सल स्टुडिओत सुरू झाली, टीव्हीसाठीच. सुरुवातीची वर्षं अमेरिकनांची. बिल काझमायरनं १९८० ते १९८२ सलग तीनदा जिंकली. १९८३ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये ब्रिटनचा गोळाफेकपटू जेफ केप्स जिंकला आणि दुसरा आला हा तेवीस वर्षांचा योन पाउल. पुढच्या वर्षी स्वीडनमधल्या मोरा गावी त्यानं केप्सला हरवलं. पंजा लढवताना केप्सचा हात टेकवला आणि ओरडला, "राजाचा मुकुट गेला!" ते वाक्य अजूनही या खेळातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

असा ओरडणारा, हसणारा, प्रेक्षकांशी बोलणारा बलवान लोकांनी आधी पाहिलेला नव्हता. प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला एस्किमो म्हणाला, तेव्हा हातातलं वजन तसंच धरून त्यानं गर्जना केली, "मी एस्किमो नाही, मी वायकिंग आहे!" वायकिंग रक्ताची जी समजूत तुमच्या प्रश्नात आहे, तिचा बराचसा प्रसार याच माणसाच्या तोंडून झाला. "डेडलिफ्ट करता येत नसेल तर जगण्यात अर्थ काय?" हेही त्याचंच. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं. तो जे बोलायचा ते मनापासून बोलायचा, म्हणून पोरांना ते भिडायचं. आइसलँडमध्ये एखादं काम सहज होण्यासारखं असेल तर 'योन पाउलला काय अवघड!' अशा अर्थाचं वाक्य लोक अजून वापरतात.

किताब चार: १९८४, १९८६, १९८८ आणि १९९०. १९८६ चा नीसमध्ये, १९८८ चा बुडापेस्टमध्ये. बुडापेस्टला काझमायर इतक्या वर्षांनी परत उतरला होता आणि दुसरा आला. १९८७ ला ही स्पर्धा झालीच नाही. त्याऐवजी स्कॉटलंडमधल्या हंटली किल्ल्यावर केप्स, काझमायर आणि योन पाउल अशा तिघांचीच लढत लावली, तीही यानंच जिंकली.

पण मुलाला दाखवायची असेल तर १९९० ची दाखवा. फिनलंडमधलं योएन्सू. समोर अमेरिकेचा ओ. डी. विल्सन, लष्करातला माणूस, डोंगराएवढा. नुसत्या ताकदीच्या प्रकारांत विल्सन पुढं. योन पाउल दुखापतीतून उठलेला. इथं गुण कसे देतात ते समजून घ्या, म्हणजे शर्यत कळेल. आठ खेळाडू असतील तर प्रत्येक प्रकारात पहिल्याला आठ, दुसऱ्याला सात, असं उतरत जातं. दोघं बरोबरीत आले तर गुण वाटून घेतात, त्यातून अर्धा गुण निघतो. म्हणजे एका प्रकारात तुम्ही जगात एक नंबर असलात तरी मिळणार आठच. पण दुसऱ्या एखाद्यात सहावे आलात तर पाच गुण घालवून बसाल. विल्सनच्या बाबतीत तेच झालं. शेवटचा प्रकार ओझं घेऊन पळायचा होता. त्यात त्याची छाती भरून आली आणि चार जण त्याच्या पुढं निघून गेले. योन पाउल अर्ध्या गुणानं जिंकला. ताकद, दम, पळ, पकड, सगळं एकाच अंगात लागतं हे त्या एका शर्यतीत स्पष्ट दिसतं.

१६ जानेवारी १९९३ ला रेक्याविकमधल्या स्वतःच्या जिममध्ये डेडलिफ्ट करताना त्याची महाधमनी फुटली आणि तो तिथंच गेला. वय बत्तीस. यावर खाली पुन्हा बोलणार आहे, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथं येऊन मिळतो.

मॅग्नुस वेर मॅग्नुसनबद्दल थोडक्यात. पूर्वेकडच्या एगिल्सस्तादिरचा, १९६३ चा जन्म. १९९१ ला योन पाउल जखमी म्हणून याला ऐनवेळी पाठवलं आणि यानं तेनेरिफेत किताबच आणला. १९९२ ला स्पर्धा खुद्द आइसलँडमध्ये भरली, तेव्हा सात फुटी डच खेळाडू टेड व्हॅन डर पारनं त्याला दुसऱ्या जागेवर ठेवलं. १९९३ लाही दुसरा. मग १९९४, १९९५, १९९६ सलग तीन. योन पाउलसारखं नाट्य त्याच्यात नव्हतं. कुठल्याच प्रकारात कच्चा नसलेला खेळाडू, हीच त्याची खासियत. वर सांगितलेल्या गुणपद्धतीत असाच माणूस सारखा जिंकतो, आणि कोच म्हणून मला विचाराल तर मी माझ्या पोरांना योन पाउलपेक्षा मॅग्नुसचे व्हिडिओ जास्त दाखवतो.

हिशेब मांडा. १९८४ ते १९९६ या काळात स्पर्धा बारा वेळा झाली. त्यांतल्या आठ या दोघांनी नेल्या. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास, आपल्याकडच्या मध्यम तालुक्याएवढी.

मग एकदम ओहोटी. १९९७ ला फिनलंडचा योउको आहोला जिंकला, १९९९ ला पुन्हा तोच, २००० ला त्यांचाच यान्ने विर्तानेन. नंतर पोलंड, लिथुआनिया, अमेरिका. आइसलँडचा दुष्काळ बावीस वर्षं टिकला. पण देशात खेळ मेला नाही, आणि ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. 'आइसलँडचा सर्वांत बलवान' ही स्पर्धा दरवर्षी होतच राहिली. वायव्येकडच्या फ्योर्दांमध्ये 'वेस्तफ्यार्दाविकिंगुरिन' नावाची स्पर्धा गावोगाव फिरत होती. खेळाडूंचा ताफा एका मच्छीमार गावातून दुसऱ्या गावात जातो, आज बंदरावर पिंपं उचलायची, उद्या दुसऱ्या गावात गाडी ओढायची. तिकीट नाही, मंडप नाही. शाळकरी पोरं दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बघतात. मॅग्नुसनं निवृत्तीनंतर असल्या स्पर्धा भरवण्यात मोठा वाटा उचलला. मधल्या काळात बेनेदिक्त मॅग्नुसननं २०११ ला टेक्सासमध्ये ४६० किलोची डेडलिफ्ट मारली, विशेष सूट न घालता. तेव्हा तो जागतिक विक्रम होता.

आणि २००८ ला मॅग्नुसच्या जिममध्ये एक उंचच उंच पोरगा आला. जिमचं नाव मॅग्नुसनं जुन्या अड्ड्यावरूनच ठेवलं होतं: याकाबोल. पोरगा बास्केटबॉलपटू, पावणेसात फूट, घोट्याच्या दुखापतीनं खेळ सुटलेला. हाफथोर ब्योर्नसन. मॅग्नुसनं त्याच्यात काय आहे ते ओळखलं. २०११ पासून तो सलग दहा वर्षं देशाचा विजेता राहिला. जगाच्या स्पर्धेत मात्र सारखा दुसरा-तिसरा. २०१४ ला लिथुआनियाच्या झिद्रुनास सावित्स्कसपुढं अर्ध्या गुणानं हरला, २०१७ ला ब्रिटनच्या एडी हॉलपुढं एका गुणानं. २०१८ ला मनिलात शेवटी जिंकला. आइसलँडचा नववा किताब तो. 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेतला डोंगराएवढा सरदार म्हणून लोक त्याला ओळखतात, पण त्याची खरी ओळख लोखंडाशी आहे.

आता ओर्मची कथा आठवा. २०१५ च्या सुरुवातीला नॉर्वेतल्या एका स्पर्धेत दहा मीटर लांबीचा, साडेसहाशे किलोच्या आसपासचा ओंडका हाफथोरच्या खांद्यावर ठेवला. तो पाच पावलं चालला. कथेतल्यापेक्षा दोन जास्त, आणि पाठ शाबूत. माप हजार वर्षं लोकांच्या तोंडी होतं, म्हणून तर ते मोडावंसं कुणाला तरी वाटलं. २ मे २०२० ला कोपावोगुरमधल्या स्वतःच्या जिममध्ये त्यानं ५०१ किलोची डेडलिफ्ट मारली. स्पर्धेबाहेर उचललं म्हणून वाद झाला. मला तो वाद फोल वाटतो. पट्टी, प्लेटा, बार, सगळं मोजून घेतलं होतं आणि पंच म्हणून समोर उभा होता मॅग्नुस वेर. २०२५ ला त्यानं हा आकडा आधी ५०५ आणि मग ५१० वर नेला.

बायकांचंही सांगायला हवं. क्रॉसफिटच्या, म्हणजे वजनं, कसरती आणि पळणं एकत्र असलेल्या खेळाच्या, जागतिक स्पर्धेत आन्नी थोरिसदोत्तिर २०११ आणि २०१२ ला, कात्रिन दाविदस्दोत्तिर २०१५ आणि २०१६ ला पहिली. गुदनीच्या देशात मुलींनी वजन उचलण्याचं कुणाला नवल वाटत नाही.

आता तुमचा मुलगा.

घालावं का, तर हो, पण माझ्या अटींवर. पहिली अट: जड वजनाला हात लावण्याआधी हृदयाची तपासणी. रक्तदाब, ईसीजी आणि टू-डी इको. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जोरात वजन उचलताना श्वास रोखला जातो, त्या काही सेकंदांत रक्तदाब भयंकर चढतो. धमनीची भिंत मुळात कमकुवत असेल तर माणूस कितीही धडधाकट दिसो, उपयोग नाही. योन पाउलचं काय झालं ते वर सांगितलंच. टू-डी इको आता आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही होते.

दुसरी अट: स्टेरॉइड नाही. या खेळात औषधांची चाचणी कधीच काटेकोर नव्हती, आणि हाफथोरनं स्वतः मुलाखतीत ती घेतल्याचं कबूल केलंय. तुमचा मुलगा जे अंग मोबाइलवर बघतोय ते नुसत्या दूध-अंड्यांवर झालेलं नाही, हे त्याला आत्ताच, तोंडावर सांगा. ज्या जिममध्ये ट्रेनरनं सतरा वर्षांच्या पोरापुढं इंजेक्शनचं नाव काढलं, त्या जिमची पायरी पुन्हा चढू देऊ नका.

तिसरी: पहिली दोन वर्षं स्क्वॉट, डेडलिफ्ट, डोक्यावर प्रेस आणि पळणं. टायर आणि ट्रक नंतर. आइसलँडचे सगळे मोठे बलवान आधी पॉवरलिफ्टर, गोळाफेकपटू किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातले होते. दोन वर्षांनी वाळूची पोती सुरू करा, चाळीस किलोपासून. पोतं छातीशी घेऊन चालायचं, मांडीवर घेऊन कट्ट्यावर ठेवायचं. दगड त्याच्यानंतर. दगडाला हात घालताना कोपर सरळ ठेवायचं, दंडानं ओढायचं नाही. या खेळात दंडाचा स्नायू तुटतो तो बहुतेक वेळा इथंच.

आणि एक काम तुमच्या गावातल्या तालमीत करता येईल. कोपऱ्यात उचलून ताकद कमावायची जुनी दगडी नाल पडलेली असेल. ती काट्यावर घाला आणि वजन भिंतीवर रंगवा. त्याखाली ज्यानं ज्यानं ती खांद्यापर्यंत नेली त्याचं नाव आणि तारीख. शेजारी एक हलकी नाल ठेवा, तिचंही वजन लिहा, म्हणजे चौदा वर्षांच्या पोरालाही सुरुवात कुठून करायची ते कळेल. मुलींना आत येऊ द्या. माझ्या तालमीत आम्ही हे केलंय, आणि पोरं आता मला "किती सेट मारू?" असं विचारत नाहीत, "मोठी नाल कधी?" असं विचारतात.